नेहमीच्या सिस्टर

स्तनाच्या कॅन्सरसाठी आज माझी तिसरी केमो होती आणि पोटातल्या बाळाला सातवा महिना लागला होता. थंडी वाजत होती, म्हणून गळ्यापर्यंत चादर ओढून पडले होते. सुई लावायला नवीन सिस्टर आल्या.

"नेहमीच्या सिस्टर कुठे गेल्या?"

"तिला दिवस गेलेत हो! कळल्या कळल्या दुसऱ्या वॉर्डात बदली दिली. ही औषधं नुसती हातावर सांडली तरी भीती. पोटुशीने इथे उभंसुद्धा राहू नये."

हात हवा म्हणून त्यांनी माझी चादर बाजूला सारली, आणि पोट दिसताच त्या थबकल्या.

"डॉक्टर म्हणालेत, पहिले तीन महिने उलटले की केमो चालते," मीच त्यांना धीर दिला. "लावा तुम्ही. आम्हा दोघांना कुठे बदली मिळतेय!"