जिभेखालची गोळी

चढ अजून अर्धा राहिला होता, तेवढ्यात लालमहंमद रस्त्याकडेच्या दगडावर टेकला.

"छातीत धरलं," तो म्हणाला.

नूरबीनं डोक्यावरची बांगड्यांची पाटी उतरवली. तिलाही धाप लागली होती. तिनं कमरेची डबी काढून एक गोळी दिली. त्यानं ती मुठीत घेतली, तोंड फिरवलं आणि मग तो डोळे मिटून बसून राहिला. तीही शेजारी बसली.

दोन वर्षं हेच चाललं होतं. मांडवगण फराट्यातून बांगड्या घेऊन निघायचं आणि दर थोड्या अंतरावर बसायचं. यवतला लेकीकडं जायचं म्हटलं, तर याला चालवत नव्हतं.

आई छातीच्या कळेनं गेल्यापासून नूरबी दवाखान्याची पायरी चढत नसे. नवऱ्यासाठी मात्र ती शिरूरला गेली होती. कार्डिओग्रामच्या तारा बघून हा एवढा भ्याला, की आधी तीच तारा लावून निजली. "बघा, काय बी होत न्हाई!"

डॉक्टरांनी सगळं तिलाच समजावलं होतं. "बसूनच घ्यायची. गिळायची नाही, जिभेखाली ठेवायची. शिरा सैल पडतात, हृदयावरचं ओझं उतरतं. डोकं ठणकलं तर घाबरायचं नाही. पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर गाडी करून इकडं यायचं. डबी तुमच्याजवळच राहू द्या."

एका गुरुवारी लालमहंमद माल आणायला गेला होता. नूरबी हापशावर पाणी भरत होती. अचानक छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं झालं. कळ डाव्या हातात उतरली. ती भिंतीला टेकून बसली आणि डबीतली गोळी तिनं जिभेखाली धरली. हळूहळू आवळ सुटला. डोकं मात्र घण मारल्यागत ठणकत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीकडं जाते सांगून तिनं शिरूरची एस.टी. धरली.

"डॉक्टरसाहेब, मी त्यांची गोळी घेतली. मला बी तेच दुखणं लागलंय." तिचा आवाज थकलेला होता. "पर त्यांना सांगू नका. आधीच आजारी माणूस. माझा घोर त्यांना झेपायचा न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्हाला सांगू नका म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती," ते म्हणाले. "नूरबी, त्यांना काहीही झालेलं नाही. गोळ्या पहिल्या दिवसापासून तुमच्याच आहेत."