नवा कर्नल

“जुना कर्नल काढून टाकू नकोस हं. राहू दे बाजूला. नव्याशी नाही जमलं तर परत त्याच्याकडेच जायचंय,” आम्रपाली फोनवर म्हणाली आणि स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज एकदम थांबला.

फोनच्या पलीकडे ओम होता. तो चाकणच्या एका कारखान्यात कामाला, आता तिथल्या सर्व्हरच्या खोलीत उभा. आम्रपाली सांगवीला आपल्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेली. या कारखान्याचे सर्व्हर सांभाळायचं काम तिच्या तळवड्याच्या कंपनीकडे होतं. दिवाळीनंतर त्या सर्व्हरमध्ये नवं नेटवर्क कार्ड बसवलं आणि साडेसाती मागे लागली. कार्ड मनाला येईल तेव्हा गप्प व्हायचं. मालावरची लेबलं छापणं बंद पडायचं, ट्रक गेटवर खोळंबायचे आणि ड्रायव्हर ओमच्या नावानं शिमगा करायचे. शेवटी दुखण्याचं मूळ सापडलं. कार्ड ठणठणीत होतं, सर्व्हरचा कर्नल, म्हणजे सगळं यंत्र चालवणारा मुख्य प्रोग्राम, जुना झाला होता. म्हणून आज रविवारी, कारखाना बंद असताना, नवा कर्नल घालायचा होता.

काम नाजूक होतं, पण आम्रपालीचं अर्धं लक्ष दुसरीकडेच होतं. ओम तिच्यासाठी नुसता कामापुरता ओम नव्हता. दोघांनी लग्न करायचं कधीच ठरवलं होतं. त्यानं आपल्या घरी सांगूनही टाकलं होतं. चाकणकडची शेतकरी माणसं, आधी फुगून बसली, मग हळूहळू निवळली. घोडं पेंड खात होतं ते आम्रपालीच्या घरी. तिथं ओमची गोष्ट फक्त तिच्या धाकट्या भावाला ठाऊक होती. मोठमोठ्या साहेबांना ‘तुमचं चुकतंय’ असं तोंडावर ऐकवणारी ही पोरगी, पण आईपुढे हा विषय काढायचा म्हटलं की काहीतरी काम काढून उठून जायची. आत्याच्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा आई, म्हणजे सरूबाई, म्हणाली होती, “आपल्यात काय पोरांचा दुष्काळ पडलाय व्हय?” ते वाक्य आम्रपालीच्या काळजात रुतून बसलं होतं. आईवर तिचा भारी जीव. आईला दुखवून बोहल्यावर उभं राहणं तिला जमणार नव्हतं आणि ओमला सोडणं तर त्याहून नाही.

“कर रीबूट,” ती म्हणाली.

कारखान्यातला सर्व्हर बंद झाला. आता तो उठेपर्यंत वाट बघण्यापलीकडे हातात काही नव्हतं. तेवढ्यात सरूबाई पिठाचे हात पदराला पुसत आली आणि लेकीसमोर खुर्ची ओढून बसली.

“एक इचारू? आठ दिस नुसती ऐकतीय मी. ह्यो जुना कर्नल, त्यो नवा कर्नल. मिल्ट्रीतलं दोन-दोन जमवून ठेवल्यात का काय गं?”

आम्रपालीला आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा ती हसत सुटली. फोन चालूच आहे याचंही तिला भान राहिलं नाही.

“अगं आई, हा तो कर्नल नव्हे! हा सर्व्हरमधला प्रोग्राम. घरातल्या कारभाऱ्यासारखा. कुणाला काय हवं-नको ते तो बघतो. आता आम्ही नवं कार्ड आणलं, पण हा जुना कारभारी त्याला ओळखच देत नाही. म्हणून बदलायचा.”

“मग माझं काय चुकलं? कारभारीच बदलतीयास न्हवं?”

“आई!”

“म्हंजी लग्नाचं न्हाईच?”

“नाही गं बाई.”

सरूबाईचा चेहरा उतरला. टेबलावर सांडलेलं पीठ ती उगाच बोटानं गोळा करत राहिली.

“मग फुकटच गेलं म्हणायचं. आठ दिस मन घट्ट करत हुते मी. म्हटलं, मिल्ट्रीतला हाय, कुठला असंल, कोण असंल, कुणाला ठावं. पर पोरगी इतक्या मायेनं बोलतीय त्याच्यासंगं, तर आपल्यातला नसला तरी चालंल. मानूस चांगला असला म्हंजी झालं. समदं ठरवून बसले हुते बघ.” ती गुडघ्यावर हात देऊन उठू लागली.

आम्रपालीचं हसू विरलं. इतके दिवस ज्या दाराशी ती नुसती घुटमळत होती, ते आतून उघडलं होतं आणि आई आता ते परत लावून घ्यायला निघाली होती. तिनं पटकन आईचा हात धरला.

“आलं!” फोनमधून ओम ओरडला. “आम्रपाली, ओळखलं बघ त्यानं कार्ड! झ्याक चाललंय!”

तिनं लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आई, फुकट नको घालवू,” ती म्हणाली. “कर्नल-बिर्नल कुणी नाही. ओम आहे. आपल्यातला नाही. पण माणूस फार चांगला आहे गं.”

सरूबाईनं लेकीकडे डोळे भरून पाहिलं. तिच्या गालावरून हात फिरवला, तेव्हा गालाला पीठ लागलं आणि दोघींनाही हसू आलं. मग सरूबाई स्वयंपाकघराकडे वळली आणि दारातूनच म्हणाली,

“कर्नल म्हंजी काय ते तुझ्या भावानं मला परवाच सांगितलंय. ओमचं नाव तेवढं तुझ्या तोंडनं ऐकायचं ऱ्हायलं हुतं.”