मीटर पळायला हवं

नदी आजही कालच्यापेक्षा खाली गेली होती आणि बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. नदीच्या खात्यात अधिकारी होत्या त्या. खोऱ्यातल्या कुणी नदीतून किती पाणी उचलायचं, त्या मर्यादा उद्याच्या बैठकीत नव्यानं ठरायच्या होत्या. नियम बाईंनी स्वतः लिहिलेला: या हंगामात ज्याचा जेवढा वापर, तेवढीच त्याची पुढची मर्यादा. जे परवाने नुसते अडवून बसलेत, त्यांचं उरलेलं पाणी नदीला परत. किती सरळ, किती सोपं! सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मग आभाळ भरलेलं, हवेत गारवा, कुणाच्या रोपाला घोटभर पाणी नको, अशा दिवसांत ही नदी चालली होती कुठं?

सकाळभर त्या पुलावर उभ्या राहून पातळीची पट्टी बघत होत्या. ऑफिसात जाऊन बसल्या, तर बसवेना. पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालं. शेवटी जीप काढली आणि थोरल्या बहिणीच्या, ताईच्या रोपवाटिकेकडे वळवली. निदान तिचं पाण्याचं मीटर तरी शहाण्यासारखं असेल, ते बघून जरा बरं वाटेल, एवढीच आशा.

शेडमध्ये रोपं ओळीनं उभी होती आणि ठिबकच्या नळ्या कोरड्या होत्या. पंप मात्र धडधडत होता. बाई आवाजाच्या मागोमाग शेडच्या पाठीमागं गेल्या आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतल्या. मागचा पडीक तुकडा तुडुंब भरला होता. जाडजूड पाइप त्यात आणखी ओततच होता. काठावर ताई गमबूट घालून खुशाल उभी.

“ताई, बदकं पाळायचा विचार आहे का?”

“आलीस? चहा टाकते.”

“चहा राहू दे. हे पाणी कशाला सोडलंयस?”

“मीटर पळायला हवं ना, म्हणून.”

बाईंनी मीटरकडे पाहिलं. काटा नुसता भिरभिरत होता.

“अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नदी आटतेय तिकडे!”

“ओरडू नकोस, छोटे. ठिबक बसव, ठिबक बसव म्हणून माझं डोकं कुणी खाल्लं होतं? बसवलं. मीटर जागचं हलेना. म्हटलं, छोटी खूश होईल. आणि आता तुझाच कागद आला, जितकं वापरलंस तितकंच मिळेल! म्हणजे मला होतं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. आणि पलीकडच्या त्या बागवाल्याचं अर्धं पाणी रस्त्यावर वाहतं, त्याला भरपूर. उन्हाळ्यात रोपांना काय पाजू? तुझा कागद?”

“तो नियम अडवून बसलेल्यांसाठी केला होता, ताई. तुझ्यासाठी नाही.”

“कागदावर तसं कुठं लिहिलंय?”

बाईंना ताईचा राग आला, पाइपचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

“उन्हात एक दिवस पाणी चुकलं तर ही पोरं माना टाकतात,” ताई म्हणाली, आणि एवढा वेळ खणखणीत असलेला तिचा आवाज चिरकला. “सगळी शेडं जातील माझी. गंमत म्हणून उभी नाहीये मी चिखलात.”

“कळतंय मला. तरी बंद कर. माझ्यासाठी बंद कर.”

लहानपणी भांडणात हिसकावलेलं खेळणं परत देताना ताई जसं बघायची, तसंच तिनं बघितलं. खांबावरच्या स्टार्टरचं लाल बटण दाबलं. पाइपनं दोन गचके दिले आणि तो गप्प झाला.

आवाज मात्र थांबला नाही. बाईंना आधी वाटलं, आपल्याच कानात घुमतंय. मग त्यांनी मान वळवली. पलीकडच्या बागेतून धडधड. त्याच्या पुढच्या वीटभट्टीवरून धडधड. नदीच्या त्या काठावरून, वळणाच्या पलीकडून, जिथवर कान पोचत होते तिथवर पंप चालू होते. आभाळ भरून आलं होतं आणि अख्खा काठ पाणी उपसत सुटला होता.

“सकाळपासून पाण्याकडे बघतेयस ना?” ताई म्हणाली. “कान कुठं होते तुझे? आता बोल. मी एकटीनंच बंद ठेवू?”

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. मोठे साहेब.

“उद्याचे आकडे तयार आहेत ना? सगळ्यांचा वापर झकास वाढलाय म्हणे, एकही परवाना पडून नाही! तुमच्या नियमाचं कौतुक करणार आहे मी उद्या, सगळ्यांच्या देखत.”

बाईंना त्याच सगळ्यांच्या देखत आता उभं राहून सांगावं लागणार होतं, की चुकलं, माझंच चुकलं.

“आकडे तयार होतायत, साहेब. ऐका.” त्यांनी हात लांब करून फोन नदीच्या दिशेनं धरला.

“काय गोंगाट आहे हो तिथं?” साहेब एवढ्यांदा ओरडले की ताईलाही ऐकू गेलं. “तो आवाज आधी बंद करा, मग बोला!”

बाईंनी फोन कानाला लावला.

“उद्या करते, साहेब. बैठकीत.”

ताई धाकटीकडे बघत राहिली. तिचं बोट मात्र आता पंप चालू करायच्या हिरव्या बटणावर टेकलं होतं.