मागची सीट

"वहिनी, इथं सही करा," शोरूमवाल्यानं कर्जाचा कागद पुढं सरकवला. शालननं आधी नव्या मोटरसायकलकडं नीट पाहिलं. तिला मागची सीटच नव्हती.

"मी कुठं बसायचं?"

"अगं, ही डोंगरात एकट्यानं पळवायची गाडी," नवरा म्हणाला. "जुनी देऊन टाकू. माणसाची आवड बदलते."

जुन्या आवडीचे हप्ते कालपरवापर्यंत शालनच्या शिलाई मशीननंच फेडले होते. माहेरी दुधाचे कॅन लटकवून ती अशीच गाडी स्वतः चालवत डेअरीवर न्यायची; लग्नानंतर, बाईमाणसाला शोभत नाही म्हणून यानंच तिला मागं बसवलं होतं.

तिनं पेनाला टोपण लावलं आणि टेबलावरची जुन्या गाडीची किल्ली उचलली.

"अगं, सही?"

"माझीपण आवड बदलली," ती म्हणाली. "चला, बसा मागं."