हरलेल्यांच्या टोप्या

"बाई, तुमच्याकडे जिंकलेल्या संघाची एकही टोपी कशी नाही हो?"

कोलेटने विचारलं एकदाचं. जुन्या बाजाराच्या कोपऱ्यात मैत्रिणी हसू दाबत उभ्या होत्या, पैज त्यांचीच. लारोकबाईंना असं तोंडावर विचारायची छाती अख्ख्या बाजारात कुणाची नव्हती. आजपर्यंत कोलेटचीही नव्हती.

बाई चिडल्या नाहीत. त्यांचं लक्ष कोलेटच्या हातातल्या टोपीकडे होतं. ऑटर्स, १९६२. त्या वर्षी ऑटर्स शेवटून पहिले आले होते, पण संघ कोलेटच्या गावचा, नदीपलीकडचा, आणि तिच्या एकतीस टोप्यांत नेमकी हीच नव्हती. दोन वर्षं शोधून आज कुठे हाती लागली, तर या बाई म्हणतात, मला दे.

"नाही देणार," कोलेट म्हणाली.

"बरं. घरी येऊन माझ्या बघ. मग ठरव."

मैत्रिणींनी बजावलं, जाऊ नकोस, म्हातारी गोड बोलून काढून घेईल. कोलेट गेलीच. टोपी घट्ट धरून गेली.

तिने खोलीत पाऊल टाकलं. चारी भिंती छतापर्यंत बेसबॉलच्या टोप्यांनी भरलेल्या. एकशे बारा. पण सगळ्या भिंतीकडे तोंड करून. संघांची चिन्हं दिसतच नव्हती. दिसत होत्या नुसत्या आतल्या, घामाने काळवंडलेल्या चामडी पट्ट्या.

बाईंनी एक काढून दिली. पट्टीची टोकं मागे जुळतात तिथे हाताने घातलेले तीन टाके होते, उलट्या बाजूला झुकलेले. दुसऱ्या टोपीत तेच. दहाव्या टोपीत तेच. कोलेटने स्वतःची टोपी उलटी केली. तेच.

इथे पूर्वी टोप्यांचा कारखाना होता, हे तिने ऐकलं होतं. एका बाईने आपल्या हातचं काम असं गावोगावहून परत वेचून आणावं?

"या तुम्ही शिवल्यात?" आवाज आपोआप खाली आला, चर्चमध्ये येतो तसा.

"मी शिवत नव्हते, पोरी. मी तपासत होते."

शिवणाऱ्यांत एक डावखुरी मुलगी होती. तिचे टाके उलटे पडायचे, आणि उलटा टाका म्हणजे खराब माल. बाई तो बाजूला टाकायच्या. मग तो मातीमोल भावाने जायचा, ज्यांचा सामना बघायला कुत्रं फिरकत नाही अशा संघांना. वर्षभरात मुलीला काढून टाकलं. शेरा बाईंनीच लिहिला होता: हिच्या हातात कसब नाही.

"मी पास केलेल्या टोप्या या बाजारात खूप दिसतात," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या पट्ट्या लोंबतायत. आता ही ओढून बघ."

कोलेटने ओढली. आधी भीतभीत, मग दात-ओठ खाऊन. साठ वर्षं घाम प्यायलेला तो दोरा तसूभर हलला नाही. तिने मान वर केली. एकशे बारा टोप्या, प्रत्येकीचे तीन टाके, आणि एकही उसवलेला नाही. एवढं पक्कं काही तिने आजवर पाहिलंच नव्हतं.

"तिला हे एकदा दाखवायचं होतं," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पण लग्न होऊन कुठे गेली, कोण जाणे. ऑरोर पेल्तिए. आता कुठली असायला."

कोलेटने ऑटर्सची टोपी एका रिकाम्या खिळ्याला अडकवली, भिंतीकडे तोंड करून.

घरी आई-बाबा जेवायचे थांबले होते. पहिला प्रश्न अर्थातच, टोपी कुठाय.

"देऊन आले," कोलेट खुर्ची ओढत म्हणाली. "आणि मी ठरवलंय. तिला अजून विचारलेलं नाही, नाही म्हणाली तरी ऐकणार नाही. येत्या रविवारी लारोकबाईंकडे आपल्या ऑरोर आजीला घेऊन जायचंय."