घरातलं पान

"अप्पा, ब्रह्मकमळाचं पान घराबाहेर गेलं, तर नक्की काय होतं हो?"

नलूने विचारलं एकदाचं. समोरच्या चाळीतल्या तिच्या मैत्रिणी कालिंदी आणि शेवंती यांनी पैजच लावली होती, "वडिलांना तोंडावर विचारून दाखव, मग तुला मानू."

अप्पा कुंडीतल्या वेलाला काठीचा आधार देत होते. मागे न वळताच म्हणाले, "झाड सुकतं आणि घराला उतरती कळा लागते. माझ्या आजोबांनी बजावून ठेवलंय. म्हणून तर सगळ्या वाडीत हे फूल आपल्याच सज्जात फुलतं." मग वळले. "तुलाही तेच लागू. पुण्याचं शेतकी कॉलेज डोक्यातून काढ. घरातलं पान घरातच शोभतं."

जागा मिळाली होती. अप्पांचा होकार तेवढा राहिला होता.

"आज नको गं तो विषय," नलूची आई यशोदाबाई आतून म्हणाल्या. "लोक येतील आता."

कळ्या टपोऱ्या होऊन माना वर करू लागल्या, की यशोदाबाई वाडीभर निरोप धाडत. रात्री समोरची अख्खी चाळ दर्शनाला लोटे. बायका फुलाला हळदकुंकू वाहत, जायफळाची कॉफी होई, आणि अप्पा आजोबांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत. एरवी कळ्या यायच्या दोन-तीन. यंदा वेल नुसता लगडला होता. "पान जपलं त्याचं हे फळ," असं अप्पा सकाळपासून दिसेल त्याला ऐकवत होते.

सतरंजी अंथरली. कॉफी उकळली. फुलं उमलली, वास माजघरापर्यंत गेला. जिन्यात मात्र पाऊल वाजेना.

"निरोप दिला होतास ना?"

"दिला हो. सगळ्या 'बघू' म्हणाल्या."

"बघू? मे महिन्यात महाराष्ट्र मिळाला आणि जूनमध्ये शेजार नकोसा झाला वाटतं."

तणतणत अप्पा कठड्यापाशी गेले आणि तिथेच थबकले.

समोरच्या चाळीत मजल्यामजल्यावर समया लागल्या होत्या. रॉकेलच्या डब्यांत, फुटक्या बादल्यांत, कुठे चक्क जुन्या घमेल्यात तोच वेल, तीच शुभ्र फुलं. एक म्हातारी डालड्याच्या डब्याला भक्तिभावाने कुंकू लावत होती.

"अप्पा," पलीकडून कालिंदीने हाक मारली, "आज तुम्ही या आमच्याकडे. कॉफी ठेवलीय."

"यांना पान दिलं कोणी?" अप्पांनी गर्रकन वळून विचारलं.

"मी," नलू म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी मी संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं वाटत फिरायचे ना, तेव्हा. दर दाराशी एक पत्रक, आणि मागेल तिला गठ्ठ्याखालचं एक पान. तुम्हीच तर म्हणायचात, पोरगी वाडीचं नाव काढणार."

अप्पांनी सज्जातल्या वेलाकडे पाहिलं. मग चाळीकडे. मग परत वेलाकडे. सुकलेलं कुठे काही दिसेना.

यशोदाबाई मात्र कुंडीपुढे वाकल्या होत्या. कापल्याच्या खुणांवरून त्यांनी हळूच बोट फिरवलं. प्रत्येक खुणेच्या शेजारी नवा फुटवा होता, आणि त्या फुटव्यांवरच फुलं डवरली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "हिने जिथे जिथे कापलं, तिथेच बहरलंय की हो."

अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

नलूने हात पुढे केला. आज लपूनछपून नव्हे, दोघांच्या देखत एक रुंद पान कट्कन मोडलं आणि ओल्या रुमालात गुंडाळलं.

"हे माझ्या खोलीत लावणार आहे," ती म्हणाली. "सोमवारी मी पुण्याला निघतेय."