सावळीरामचा नाद

"आपल्यासंगं धोंडाबाईला बी घ्या, मालक," सावळीराम म्हणाला.

ढुंढिराजने चहाची बशी तोंडाला लावली होती. बशीतूनच त्याने विचारलं, "कोण लागते ती तुझी?"

"चालंल," सावळीराम म्हणाला.

ढुंढिराज मनात हसला. लाजला बिचारा. विषय तिथेच संपला.

हॉटेलासमोर मल्हारीशेठचा कारखाना होता. त्यात चौदा माणसं. ढुंढिराजने महिनाभर याच बाकावर बसून ती मोजली होती. कारकुनी सोडून त्याने तांबट आळीत कारखाना काढला, त्याला वर्ष झालं होतं. हातोडी कुठे मारावी हे त्याला कळत नसे, पण माणसाचा भाव कळतो, अशी त्याची खात्री होती. पत्रा कापणारे, डाग देणारे, भाता ओढणारे बाजारात पैशाला पासरी. घागर मात्र शेवटी सावळीरामच्या ऐरणीवर यायची, आणि तिथून उठली की अशी खणखणायची, की भांडीबाजारात दुसरीला कुणी हात लावत नसे. सोळा आण्यांतले बारा आणे या एकाचे. चार आण्यांत उरलेले तेरा.

धोंडाबाईचा तर हिशेबच नको. चिंचेचा कोळ घेऊन ती सावळीरामच्या समोर बसायची. घागरी घासायची कमी, आणि म्हातारपणाने मान हलवायची जास्त.

ढुंढिराजने बशी खाली ठेवली आणि सावळीरामकडे बघत सांगितलं, "दीडपट पगार."

"चालंल."

घासाघीस नाही, आढेवेढे नाहीत. ढुंढिराज घरी आला तो हवेतच.

"तोंडाकडे बघून बोलतो. आणि बडबड शून्य," त्याने बायकोला सांगितलं.

"अहो, मग इतका मोलाचा माणूस मल्हारीशेठ सोडतात कसा?" सुधाने विचारलं.

"आपलं घर कुठल्या खांबावर उभं आहे, हे त्यांना कुठं कळलंय?"

मल्हारीशेठने खरोखरच कुरकुर केली नाही. सावळीरामला त्यांनी नारळ दिला, तोही खराखुरा, वर उपरणं घालून. त्याच्या जागी इगतपुरीकडचा वाळू नावाचा नवखा माणूस बसवला. आणि धोंडाबाईला बसायला नवी घोंगडी आणली. ते बघून ढुंढिराजला त्यांची कीवच आली.

त्याने स्वतःचे चारही हातोडीवाले काढून टाकले. सूर्य घरात आणल्यावर पणत्यांना तेल कशाला? मुंबईच्या व्यापाऱ्याने लग्नसराईसाठी तीनशे घागरी सांगितल्या होत्या. तांब्याच्या पत्र्यासाठी सुधाच्या पाटल्या मोडल्या. ती नुसते मनगट चोळत राहिली.

पहिल्या चाळीस घागरी तयार झाल्या तेव्हा व्यापारी दुकानात आला. त्याने बोटातल्या अंगठीने एकीवर टिचकी मारली. दुसरीवर मारली. दहावीपर्यंत गेला आणि थांबला.

"बद्द वाजतात हो."

"असं कसं?" ढुंढिराजला सगळ्या सारख्याच वाटत होत्या. "सावळीरामच्या हातच्या आहेत!"

"दिसायला देखण्या आहेत, नाही कोण म्हणतो? पण गिऱ्हाईक वाजवून घेतं. मल्हारीशेठचा माल बघा, अजून खणखणतो."

"जुना साठा असेल त्यांचा."

"आज सकाळीच घासून काढलाय. चिंचेचा वास होता त्याला." व्यापाऱ्याने चपला घातल्या. "सोमवारी येतो. तेव्हाही अशाच वाजल्या, तर तीनशे घागरी तिकडून उचलीन."

ढुंढिराज तडक कारखान्यात गेला. दुपारची सुट्टी होती. ठोकाठोक बंद होती. दाराकडे पाठ करून सावळीराम एकटाच भाकरी खात बसला होता.

"सावळीराम!"

त्याने भाकरीचा घास मोडला.

"अरे, मी हाक मारतोय!"

सावळीरामने निवांतपणे कांद्याची पाकळी मोडली. दीडपट पगाराचा माज, दुसरं काय! ढुंढिराज तरातरा त्याच्या समोर गेला, एक घागर आदळून ठेवली आणि तिच्यावर टिचकी मारली.

"ही घागर कशी वाजतेय, सांग मला!"

सावळीराम त्याच्या ओठांकडे बघत राहिला. मग घागरीकडे बघून त्याने भाकरी खाली ठेवली.

"मला काय म्हाईत, मालक? माझे कान जाऊन सात वर्सं झाली. धोंडाबाईनं मान हलवली, की मी हातोडी थांबवायचो."